'लालबाग जुने' हे एकच नाव आहे, रेमीसाहेब!

श्री. चेट रेमी यांस,


तीन दशकांहून अधिक काळ तुम्ही टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा बॅश शेल सांभाळताय, तेही स्वयंसेवक म्हणून. म्हणूनच ही तक्रार थेट तुमच्याकडे.

आमच्या लालबाग-परळकडे मंडळांचे फोटो, जुने अहवाल आता हार्ड डिस्कवर आलेत. फोल्डरला नाव देणारा कार्यकर्ता चारचौघांसारखंच नाव देतो: 'केशवजी नाईक चाळ १८९३', 'चिंचपोकळीचा चिंतामणी', 'लालबाग जुने'. स्पेसच्या जागी अंडरस्कोर घाल म्हटलं तर तो विचारतो, कशाला? मला त्याचंच पटतं.

आता समजा, व्हेरिएबलमध्ये 'लालबाग जुने' आहे आणि पुसायची आज्ञा लिहिताना त्याभोवतीचे डबल कोट राहून गेले. बॅश ते नाव स्पेसवर तोडतं. पुसणाऱ्या 'आरएम'च्या हाती दोन नावं पडतात. शेजारी 'लालबाग' नावाचा फोल्डर असला तर तो आख्खा जातो. 'जुने' काही सापडत नाही, पण 'मुकाट्याने सगळं पूस' असं सांगणारं '-आरएफ' दिलेलं असल्यामुळे त्याचीही बोंब नाही. पुसायचा होता तो 'लालबाग जुने' मात्र जागच्या जागी शाबूत! २००१ साली आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरमध्ये असेच कोट राहिले होते. डिस्कच्या नावात स्पेस असलेल्या कित्येकांचा डेटा त्यात उडाला.

नाव तोडायची ही खोड तुमची नव्हे. १९७९ च्या बोर्न शेलमध्ये व्हेरिएबलमध्ये यादी ठेवायची सोयच नव्हती. चार फायलींची नावं एका स्ट्रिंगमध्ये कोंबायची आणि शेलने ती सुटी करायची. पण बॅशमध्ये १९९६ पासून ॲरे, म्हणजे याद्या, आहेत. झेडशेल तर व्हेरिएबल मुळात तोडतच नाही. ज्याला तोडणं हवं त्याने पर्याय चालू करावा.

मूळ वागणूक बदला, असं म्हणणं नाही. पॉझिक्सचं मानक आडवं येईल, शिवाय जगभरच्या जुन्या स्क्रिप्ट कोलमडतील. बॅशचे पर्याय लावणाऱ्या 'शॉप्ट'मध्ये एक पर्याय द्या, स्क्रिप्टच्या सुरुवातीला लावला की तोडणं बंद. 'कुठे तोडायचं ते ठरवणारा आयएफएस रिकामा करा' हा सल्ला ऐकून झालाय. त्याने स्पेसचं भागतं, पण नावातला तारा (*) जुळणाऱ्या फायलींच्या नावांत पसरतोच. त्यासाठी 'सेट -एफ' वेगळं. आणि इतकं करूनही रिकामं व्हेरिएबल आज्ञेतून गुपचूप गळतं ते गळतंच.

पर्यायाचं नाव तुम्हीच ठरवा. मुळात तो बंदच असू द्या, म्हणजे जुन्या कुणाचं अडणार नाही.

आपला,
परळचा एक बॅशकरी