घर ही शाळा होऊ शकते का?

मुलाला शाळेत न घालता घरीच, रोजच्या व्यवहारातून शिकवावे, असे म्हणणारे पालक आता आपल्याकडेही दिसू लागले आहेत. कल्पना नवी नाही. इव्हान इलिच यांनी १९७१ साली समाजाला शाळेच्या जोखडातून सोडविण्याची भाषा केली. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ साली अशा पालकांसाठी नियतकालिकच काढले. या विचाराला नाक मुरडण्यापूर्वी त्यातले बळ आणि उणीव, दोन्ही पाहिली पाहिजेत.

बळ उघड आहे. भेंडी ऐंशी रुपये किलो; दीड पाव घेतली आणि पन्नासाची नोट दिली, तर परत किती? भाजीवालीसमोर उभे राहून हा हिशेब करणारे मूल अपूर्णांक विसरत नाही. थंडीत विरजण उशिरा का लागते, हे स्वयंपाकघरात पाहिलेल्याला शास्त्राचे पुस्तक परके वाटत नाही. उलट आपल्या शाळांत शेकडेवारीचे गणित पैकीच्या पैकी सोडविणारा विद्यार्थी घरचे वीजबिल समोर ठेवले की गडबडतो! घोकंपट्टीचे हे फळ. हातांना काम दिल्याशिवाय डोके चालत नाही, हे ओळखूनच गांधीजींनी १९३७ साली वर्धा येथे नई तालीम मांडली होती.

परंतु प्रश्न असा, की घरी शिकवणार कोण? सुशिक्षित, सवड असलेले आईबाप किती जणांच्या नशिबी असतात? ज्या घरातली आई पहाटे मजुरीला जाते, तिथे घरी राहिलेले मूल धाकट्या भावंडाला सांभाळते आणि पाणी भरते. तिथे शिकणे संपून राबणे सुरू होते. मुलींच्या बाबतीत तर अधिकच जपले पाहिजे. ‘मुलगी घरीच बरी’ असे समाज म्हणत असताना १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तो उंबरठा ओलांडायला काय किंमत पडली, हे आपण विसरायचे का? शिवाय शाळेच्या बाकावर वेगळ्या जातीचा, वेगळ्या परिस्थितीतला सोबती शेजारी बसू शकतो. घरात मात्र सगळे आपल्यासारखेच! सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याने मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले, त्यामागे हाच अनुभव आहे.

मग मार्ग कोणता? तो आपल्याच मातीत सापडतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात शिक्षण मुलांच्या अंगणात नेले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. त्यांनी शाळा मोडली नाही, तिच्या भिंती तेवढ्या बाजूला सारल्या.

आठवड्याचा बाजार, पोस्ट, एस. टी. स्टँड, शेताचा बांध हे सारे वर्ग झाले पाहिजेत, आणि तेही सर्वांच्या मुलांसाठी. मूठभर घरांनी आपल्यापुरती वाट काढली, तर बाकीच्यांची शाळा आहे तशीच राहील. आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील. खडू हाती घेण्यापूर्वी त्यांनी एकदा तरी वर्गाचे दार उघडून बाहेर पाहावे, एवढीच अपेक्षा.