मोगलीचे अरण्य आणि आपला रोजमेळ



गेल्या उन्हाळ्यात सहकुटुंब नागझिऱ्यास जाण्याचा योग आला. चोरखमारा प्रवेशद्वारातून आत शिरलो, तेव्हा साग, ऐन आणि तेंदूच्या झाडीतून उन्हाचे कवडसे पडत होते. आठ वर्षांच्या नातीने हळूच विचारले, “आजोबा, किची कुठे राहतो?”

प्रश्न ऐकून तिचे वडील हसले. 1993 साली रविवारच्या सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ पाहत वाढलेली त्यांची पिढी. जपानमध्ये 1989 साली तयार झालेली ही 52 भागांची चित्रमालिका त्यांनी आता लेकीला दाखविली होती. त्यातील किची म्हणजे मोगलीचा छोटा सोबती, तांबडा पांडा. पण हा प्राणी सिक्कीम, दार्जिलिंग, अरुणाचलच्या थंड डोंगरांतला. किपलिंगने 1894 च्या पुस्तकात मोगलीला वाढविले ते सिवनीच्या रानात, वैनगंगेच्या परिसरात. तीच वैनगंगा पुढे आपल्या गोंदिया-भंडाऱ्यातून वाहते. येथे किची कोठून भेटणार?

एक चूक सापडली, तसा नातीला छंदच लागला. मुक्कामी परतल्यावर ती मालिकेतल्या विसंगती शोधू लागली. अशा विसंगती का राहतात, हे मी तिला समजावले. त्या काळी प्रत्येक चित्र पारदर्शक पटलावर हाताने रंगविले जाई. एका सेकंदाला आठ चित्रे धरली, तरी वीस मिनिटांना सुमारे साडेनऊ हजार चित्रे होतात. ती काढणारे अनेक, रंगविणारे निराळे. प्रत्येक पात्राचे नमुनाचित्र सर्वांपुढे असले, तरी कोणाच्या हातून गालावरचा व्रण दुसऱ्या गालावर जातो, तर कोणी वस्त्राचा रंग चुकवितो. आपल्या पेढीवर चार मुनीम एकाच वहीत लिहीत असतील आणि सायंकाळी रोजमेळ जुळविलाच नाही, तर दुसरे काय होणार?

आपल्या शास्त्रकारांनी व्रतभंगाचेही प्रकार पाडले आहेत. प्रमादाने घडतो तो अतिचार, जाणूनबुजून केलेला तो अनाचार. व्रण सरकला, हा हाताचा प्रमाद. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. किचीला वैनगंगेकाठी आणले, ही कल्पनेची मोकळीक. मुलांना खरे ठिकाण सांगितले की पुरे. परंतु तिसरी एक चूक आहे आणि ती मात्र जिवावर बेतणारी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे नागझिरा तलावाजवळ रानकुत्र्यांचा कळप दिसला. नात घाबरून मला बिलगली. “हे वाईट असतात ना?” किपलिंगच्या 1895 च्या दुसऱ्या पुस्तकात दख्खनेतून आलेले हे तांबडे कुत्रे विध्वंसक टोळी म्हणून येतात. समज केवळ कथेतला नव्हता. ब्रिटिश अमदानीत रानकुत्र्यांना उपद्रवी ठरवून त्यांना मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. आज हाच प्राणी जगभर संकटग्रस्त मानला जातो, आणि नागझिरा हे त्याचे हक्काचे घर आहे. वाटाड्याने सांगितले, की शिकार झाल्यावर हे कुत्रे आधी पिलांना खाऊ देतात आणि शिट्टीसारखा आवाज काढून विखुरलेल्या सोबत्यांना एकत्र बोलावतात. ते ऐकून नातीची पकड सैल झाली. निघताना तिने त्यांना हात हलवून निरोप दिला.

वाचकहो, जिवाला ‘दुष्ट’ असे नाव एकदा चिकटले, की त्याच्या वधाचे पाप कोणाला टोचत नाही. म्हणून मुले चित्रमालिकेतल्या चुका दाखवितात तेव्हा त्यांना गप्प करू नये. तीच नजर उद्या तराजू-मापातील आणि वहीतील खोट पकडेल. मात्र चूक पकडण्याबरोबर तिचे वजन करायलाही त्यांना शिकवावे: कोणती हसून सोडायची, कोणती सुधारून सांगायची आणि कोणत्या चुकीने जीव दुखावतो म्हणून खंत बाळगायची.

सायंकाळी प्रतिक्रमणाला बसलो. नातही शेजारी येऊन बसली. शेवटी सर्व जीवांची क्षमा मागताना ती हळूच म्हणाली, “रानकुत्र्यांचीसुद्धा.”

त्या दिवसाचा आमचा रोजमेळ जुळला.