द्राक्षांची खोली आणि माणसांचे घर

दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष निर्यातदारास इन्सुलेशन म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. प्रीकूलिंगच्या खोलीस पफ पॅनेल किती जाडीचे हवे, दाराचे रबर सैल झाले की विजेचे बिल कसे चढते, हे त्यास तोंडपाठ असते. तोच गृहस्थ स्वतःचे घर बांधतो तेव्हा मात्र वर उघडा काँक्रीटचा स्लॅब, पश्चिमेला भली मोठी काच आणि मे महिन्यात मध्यरात्रीपर्यंत धग सोडणारी भिंत, असा संसार मांडतो. आजवर ही ज्याची त्याची हौस होती. आता ती कायद्याची बाब होऊ लागली आहे.

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ सालचा. त्याखालील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००७ मध्ये संहिता आणली ती व्यापारी इमारतींपुरती. घरांची पाळी आली १४ डिसेंबर २०१८ रोजी, ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध झाली तेव्हा. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत घेतल्या आणि ही मर्यादा आणखी खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली.

‘हे सारे मुंबई-पुण्याच्या टॉवरांसाठी’ अशी समजूत बांधकामात उतरलेल्या अनेक व्यापारी कुटुंबांत आहे. एक साधा हिशेब मांडून पाहावा. सदनिकेमागे ४ किलोवॅट भार धरला तर २५ सदनिकांतच १०० किलोवॅट पूर्ण होतात. लिफ्ट आणि पाण्याचा पंप वेगळाच. तळमजल्यावर दुकाने आणि वर चार मजले, ही योजना तालुक्याच्या गावीही आता नवलाची राहिलेली नाही.

संहिता मागते काय? थंड प्रदेश वगळता, भिंती व खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक नसावी. या मापास आरईटीव्ही म्हणतात. छपराचे माप वेगळे : त्याचा उष्णतावहनाचा गुणांक, म्हणजे यू-मूल्य, १.२ च्या आत हवा. नुसता सहा इंची स्लॅब आणि वर वॉटरप्रूफिंग, एवढ्याने हा आकडा गाठता येत नाही. स्लॅबवर तीस-चाळीस मिलिमीटर एक्सपीएसचा थर टाकला तर तो सहज गाठता येतो. चायना मोझॅकचे पांढरे तुकडे ऊन परतवतात, ते उपयोगीच. पण यू-मूल्याच्या हिशेबात त्यांनी थराची उणीव भरून निघत नाही. (जुन्या वाड्यांची जाड मातीची भिंत आणि धाब्याचे छप्पर कोणतेही प्रमाणपत्र न घेता दुपार थंड ठेवीत असे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

भिंतीच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रामुळे नाशिक परिसरात राखेच्या विटांशी लोकांचा परिचय जुना, आणि ‘फ्लाय ॲश म्हणजे पर्यावरणपूरक, म्हणजे घर थंड’ असे विक्रेताही बिनदिक्कत सांगतो. राखेचा सदुपयोग होतो, सुपीक माती वाचते, हे खरे. उष्णता अडविण्यात मात्र ती वीट भाजलेल्या विटेहून फारशी सरस नाही. त्या कामी एएसी ब्लॉक कितीतरी पुढे. अडचण ब्लॉकची नसून गवंड्याच्या सवयीची आहे. तो विटेसारखा ब्लॉकही पाण्यात बुडवितो, जाड सिमेंटचा सांधा भरतो, कॉलम व ब्लॉकच्या जोडावर जाळी न मारताच गिलावा करतो. वर्षभरात भिंतीला चिरा पडतात आणि दोष ब्लॉकच्या माथी येतो. नियमाची तयारी करायची तर पहिला खर्च गवंड्यांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर व्हावा. तो आर्किटेक्टच्या शुल्काहून पुष्कळ कमी आहे.

खिडकीचे गणित स्वस्त. दक्षिणेचे ऊन छज्जा अडवितो. पश्चिमेचे तिरपे येते, तेथे उभे पडदीसारखे आडोसे लागतात किंवा काच लहान करावी लागते. हवामान विभागानुसार उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाणही संहितेने ठरविले आहे; त्यामुळे तीन पाल्ल्यांची सरकती खिडकी पूर्ण क्षेत्रफळाने मोजणाऱ्यांची फसगत होते.

लाभाची बाजूही पाहावी. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ग्रिहा किंवा आयजीबीसीच्या श्रेणीनुसार मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ वा ७ टक्के जादा क्षेत्र मिळते. हे जादा क्षेत्र आधी मिळते आणि श्रेणी शेवटी सिद्ध करावी लागते. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी कबूल केलेली श्रेणी हाती नसेल, तर जमिनीच्या रेडी रेकनर दरावर आधारलेला दंड आहे. सदनिका विकून झालेल्या, भागीदारांत नफा वाटला गेलेला, अशा वेळी ही रक्कम कोणाच्या खात्यातून जाणार?

म्हणून कागद बांधकामाबरोबरच जमवावेत. ब्लॉक, काच व इन्सुलेशनच्या प्रत्येक खेपेचे बिल आणि चाचणी अहवाल एका फाइलीत, आणि थर झाकला जाण्यापूर्वी तारखेसह छायाचित्र. सिमेंट-हार्डवेअरचा व्यवसाय असलेल्यांनी तर हे अहवाल कारखान्याकडून आताच मागवून दुकानात ठेवावेत. उद्या गिऱ्हाईक दराच्या आधी तेच विचारणार आहे.