उपक्रमांचा तास वेळापत्रकात आणा

प्रति,
मा. कुलगुरू महोदय,

विषय : संलग्न महाविद्यालयांतील क्रीडा, कला व सेवा उपक्रमांना वेळापत्रकात जागा देणे, सहभागी विद्यार्थ्यांची हजेरी ग्राह्य धरणे व त्यासाठी घेतलेल्या शुल्काचा हिशेब जाहीर करणे याबाबत.

महोदय,

आम्ही आपल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेत आहोत. आमच्यातले काही जण एकांकिका करतात, काही कबड्डी खेळतात, बरेच जण राष्ट्रीय सेवा योजनेत आहेत. यांतले काहीच करता आले नाही अशांच्याही सह्या या निवेदनावर आहेत, आणि त्यांची संख्या जास्त आहे. हे निवेदन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आमचे शेवटचे तास पावणेपाचला सुटतात. आसपासच्या खेड्यांकडे जाणारी शेवटची एसटी सव्वापाचला सुटते. तालमी आणि सराव मात्र पाचनंतर. गेल्या वर्षी आमच्या एकांकिकेत मुख्य भूमिका करणारी मुलगी बारा किलोमीटरवरून यायची. सभागृहाची किल्ली पाचनंतर मिळत नाही म्हणून तालीम सायकल स्टँडच्या पत्र्याखाली चालायची, आणि ती दप्तर पाठीवर अडकवूनच संवाद म्हणायची, कारण कोणत्याही क्षणी स्थानकाकडे पळावे लागे. संहिता तिला तोंडपाठ होती. घरच्यांचीही ना नव्हती. आठव्या दिवशी तिने स्वतःच संहिता दुमडून दिग्दर्शकाच्या हातात दिली आणि भूमिका गावातच राहणाऱ्या दुसऱ्या मुलीकडे गेली. पुढे तिचे कॉलेजला येणे कमी होत गेले, दुसऱ्या सत्रात दोन विषय राहिले. हे केवळ नाटक सुटल्यामुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण सकाळी उठून कॉलेजची गाडी पकडावी असे जे तिला वाटायचे, ते त्या दिवसापासून वाटेनासे झाले, हे तिनेच आम्हाला सांगितले.

नाटक-खेळ केले की गुण वाढतात, असा आमचा दावा नाही. महिनाभर तालमीत राहून परीक्षेत मार खाल्लेले मित्रही आमच्यात आहेत. पण डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे या तिघांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना नाटक केले, म्हणून त्यांचे डॉक्टर होणे अडले नाही. अभ्यास आणि आवड यांना एकाच दिवसात जागा मिळाली तर दोन्ही चालतात, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

आणि प्रश्न गुणांहून मोठा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते, इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. प्रत्येक मृत्यूमागची कारणे वेगळी असणार. तरीही वसतिगृहाच्या खोलीत एकटा पडलेला मुलगा आणि रोज संध्याकाळी मैदानावर ज्याची वाट पाहिली जाते तो मुलगा, यांतला फरक आम्ही आमच्याच मित्रांमध्ये पाहतो. सरावाला दोन दिवस कुणी आले नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारात जाते. वर्गात ऐंशी जणांत ते होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेल्या निर्देशांत क्रीडा, कला आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या उपक्रमांना प्राधान्य द्यावे, असे शिक्षणसंस्थांना स्पष्ट सांगितले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळही आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने सहअभ्यासक्रमांना श्रेयांक दिले, त्याचे आम्ही स्वागतच केले होते. प्रत्यक्षात त्या श्रेयांकांसाठी लागणारी फाइल महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते. नाव आणि आसनक्रमांक तेवढा बदलायचा. मैदानावर पाऊल न ठेवता क्रीडेचे गुण मिळतात आणि जो खरोखर खेळतो त्याची हजेरी कापली जाते.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी, की आठवड्यातून किमान दोन दिवस दुपारचे शेवटचे दोन तास सर्व शाखांसाठी उपक्रमांना राखून ठेवावेत आणि त्या वेळेत सभागृह, जिमखाना व मैदान खुले असावे. श्रेयांकही याच प्रत्यक्ष तासांवरून मिळावेत. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांच्या कामाची नोंद ठेवली जाते. तशीच ती खेळाची आणि कलेचीही ठेवता येईल.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या काळात अंतर्गत चाचण्या ठेवू नयेत. ठेवल्याच तर सहभागी विद्यार्थ्यांची चाचणी पंधरा दिवसांच्या आत पुन्हा घ्यावी. आज हे प्राध्यापकांच्या मर्जीवर अवलंबून आहे आणि मर्जी मागायला प्रत्येकाला जमत नाही. स्पर्धा, शिबिर व त्यांच्या प्रवासाचे दिवस ७५ टक्के हजेरीत धरावेत, तसे परिपत्रक काढावे.

प्रवेशाच्या पावतीवर क्रीडा, जिमखाना आणि विद्यार्थी विकास निधी अशा वेगवेगळ्या रकमा असतात. त्या कशावर खर्च झाल्या, हे दरवर्षी सूचना फलकावर लावावे. आमच्या कबड्डीच्या मुली दोन वर्षे एकाच संचातल्या जर्सी आलटूनपालटून घालत आहेत.

एसटीच्या वेळेबाबत आम्ही आगाराकडे स्वतंत्र अर्ज देत आहोत. विद्यापीठाचे शिफारसपत्र सोबत असेल तर त्याला वजन येईल. ते द्यावे, ही विनंती.

पुढील शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरण्याआधी आमच्या पाच प्रतिनिधींना, ज्यांत किमान दोन जणी रोज एसटीने येणाऱ्या असतील, भेटीची वेळ द्यावी. ती दुपारी तीनच्या आत असावी, म्हणजे त्यांना परतीची गाडी मिळेल.

आपले नम्र,
पदवी वर्गांचे विद्यार्थी व विद्यार्थिनी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मा. संचालक, विद्यार्थी विकास मंडळ, मा. प्राचार्य