बॉयलरच्या दारावर नाव कोणाचे?

१८६३ साली बोरघाट रेल्वेसाठी खुला झाला आणि वाफेची इंजिने खंडाळा-लोणावळ्याकडे चढू लागली. त्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेल्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर आज पर्यटक भिजतात. त्याच १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. म्हणजे हा कायदा मालकांच्या दयेतून नव्हे, माणसांच्या प्रेतांतून जन्माला आला. मावळातल्या प्रत्येक कामगाराने हे ध्यानात ठेवावे.

घाटातली वाफेची इंजिने गेली, पण वाफ गेली नाही. कारखान्यात आणि मोठ्या हॉटेलांच्या धुलाईखान्यात ती आजही राबते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. ती जागा मिळाली नाही की लोखंड फाडते. बॉयलर एकाएकी फुटत नाही. गेज ग्लास तुंबतो, पाणी कमी झाल्याचे कळत नाही, नळ्यांवर क्षार चढतो, सेफ्टी व्हॉल्व गंजून अडकतो. हे सारे आधी दिसते. पाहणारा माणूस मात्र हवा. रोज गेज ग्लास फुंकून साफ करणे, ब्लोडाऊन करून गाळ काढणे, व्हॉल्व उचलून पाहणे, पाणी मृदू करूनच आत सोडणे, खोलीत भंगार न साठवणे आणि बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणे, यात न परवडण्यासारखे काय आहे? आणि पाणी तळाला गेलेच तर वरून थंड पाणी ओतायचे नसते, आधी आग बंद करायची असते. हे न शिकवलेल्या पोराला तिथे उभे करणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात उभे करणे होय.

कायदा काय सांगतो? १९२३ च्या कायद्याने नोंदणी, तपासणीचा दाखला आणि प्रमाणपत्रधारक अटेंडंट या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. २०२५ च्या नव्या कायद्यातही त्या कायम आहेत. सेफ्टी व्हॉल्वशी छेडछाड केली तर आजही तुरुंगाची तरतूद आहे. कामगार किती, हे हा कायदा विचारत नाही; बॉयलर आहे की नाही, एवढेच विचारतो. मात्र शंभर अंशांखाली पाणी तापवणारी यंत्रे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. लोणावळ्याच्या हॉटेलमालकांनी यावर निश्चिंत होऊ नये. तापमान रोखणारा थर्मोस्टॅट बिघडला की त्याच पाण्याची वाफ होते. कायद्यातून सुटलात म्हणून वाफेतून सुटत नाही!

२३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत अमुदान कंपनीत स्फोट झाला. दहाहून अधिक जीव गेले. पहिली बातमी आली, बॉयलर फुटला. मग कळले, फुटला तो रिअ‍ॅक्टर. याच एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीच्या स्फोटात १२ जण मेले होते. यंत्राचे नाव काहीही असो, मरणाऱ्याला काय फरक पडतो? अपघातानंतर कागद शोधणारी यंत्रणा अपघाताआधी कुठे असते, हा आमचा सवाल आहे.

लोणावळ्यातच नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था १९४५ पासून युद्धनौकांची यंत्रे सांभाळणारी माणसे घडवते. तिथे आधी शिक्षण, मग यंत्र. मग तळेगाव-टाकवे पट्ट्यातल्या कंत्राटी पोराला आधी फावडे आणि शिक्षण कधीच नाही, हा न्याय कोणता? भट्टीत कोळसा टाकणारे आणि राख उपसणारे हात कोणत्या वस्तीतून येतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी कामगाराच्या कामाचे तास कमी करण्यासाठी झगडा दिला. बारा-बारा तास जागून डोळे मिटणाऱ्या अटेंडंटच्या हाती वाफ देणारे त्या झगड्यावरच पाणी ओततात.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक बॉयलर खोलीच्या दारावर मराठीत फलक लावा: नोंदणी क्रमांक, दाखल्याची मुदत, मंजूर दाब आणि पाळीवरच्या अटेंडंटचे नाव व प्रमाणपत्र. कामगार बांधवांनो, तो फलक वाचा. मुदत संपली असेल तर बाष्पके संचालनालयाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. मेल्यावर मिळणारी भरपाई कुटुंबाला जगवू शकेल, तुम्हाला परत आणू शकणार नाही. दारावर आज अटेंडंटचे नाव लागले नाही, तर उद्या भिंतीवर तुमच्या श्रद्धांजलीचा फलक लागेल.