लाम्फून : लहान प्रांत, दीक्षेच्या अधिकाराचा मोठा प्रश्न

थायलंडला जाणारी आपली कुटुंबे बँकॉकचे विहार पाहतात, फार तर चिआंग माईपर्यंत जातात. तिथून दक्षिणेला अवघ्या २६ किलोमीटरवरचे लाम्फून बहुधा राहून जाते. या लेखमालेत यावेळी आम्ही मुद्दाम त्याच प्रांताकडे वळत आहोत.

सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटरचा हा प्रांत सिंधुदुर्गाहूनही लहान आहे. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. उत्तरेला पिंग आणि कुआंग या नद्यांचे सुपीक खोरे असून तिथल्या लोंगन फळांच्या बागा प्रसिद्ध आहेत. पूर्वेला खुन तान डोंगररांग आणि तिच्यातून गेलेला १,३५२ मीटर लांबीचा रेल्वे बोगदा आहे. दक्षिणेकडील डोंगराळ ली तालुक्यात करेन लोकांच्या वस्त्या आहेत. शहरालगत १९८० च्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि आज तिथे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग तयार होतात.

या भूमीचे जुने नाव हरिपुंजय. ‘चामदेवीवंस’ आणि ‘जिनकालमाली’ या पाली ग्रंथांनुसार सातव्या शतकात लवपुरीची राजकन्या चामदेवी त्रिपिटक जाणणारे भिक्खू सोबत घेऊन इथे आली आणि राज्याची पहिली अधिपती झाली. हे ग्रंथ तिच्यानंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले, त्यामुळे कथा आणि इतिहास यांची सरमिसळ त्यांत गृहीत धरावी लागते. परंतु हे मोन लोकांचे बौद्ध राज्य होते, याची साक्ष इथले मोन शिलालेख देतात. चामदेवीच्या नावाच्या विहारातील विटांच्या पाच मजली स्तूपावर ६० उभ्या बुद्धमूर्तींसाठी कोनाडे आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मेंगराय राजाने हरिपुंजय जिंकले. पुढे लान्ना, ब्रह्मी आणि शेवटी सयामी सत्ता आली.

आज प्रांताचे आठ तालुके असून त्यांना ‘अम्फो’ म्हणतात. त्यांखाली ‘तांबोन’ आणि गावे येतात. प्रांताचा राज्यपाल लोकांनी निवडलेला नसतो. गृहमंत्रालय त्याची नेमणूक करते, म्हणून त्याचे पद आपल्या जिल्हाधिकाऱ्याच्या जवळ जाणारे आहे. निर्वाचित प्रांतिक परिषद त्याच्या जोडीने काम करते. राज्यपाल निवडण्याचा अधिकार देशात केवळ बँकॉकच्या नागरिकांना आहे. सत्तेचे हे केंद्रीकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले आणि लवकरच ते संघापर्यंत पोहोचले.

१९०२ च्या संघ कायद्याने देशभरातील भिक्खूंना एकाच अधिकारश्रेणीत बसवले. उपसंपदा देणाऱ्या उपज्झायाला अधिकृत नियुक्तीची गरज पडू लागली. उत्तरेत मात्र गुरु-शिष्य परंपरेतील ज्येष्ठ भिक्खूच दीक्षा देत आले होते. विनयाची अपेक्षाही दहा वर्षावासांची ज्येष्ठता आणि योग्यता एवढीच आहे. त्यात शासनाच्या परवानगीचा उल्लेख नाही.

ली तालुक्यातील बान पांग गावी १८७८ मध्ये जन्मलेले ख्रूबा सिविचाई या संघर्षाच्या केंद्रस्थानी आले. ‘ख्रू’ म्हणजे गुरु. नियुक्तीपत्र नसताना त्यांनी गावकऱ्यांच्या मुलांना दीक्षा दिल्या. त्यासाठी त्यांना स्थानबद्ध केले गेले आणि १९२० मध्ये चौकशीसाठी बँकॉकला नेले गेले. तिथून ते परतले तेव्हा त्यांची लोकप्रियता वाढलेलीच होती. १९३४-३५ मध्ये त्यांच्या शब्दाखातर हजारो लोकांनी श्रमदान करून चिआंग माईहून दोई सुथेपच्या विहारापर्यंत डोंगररस्ता बांधला. सुमारे सहा महिन्यांत तो पूर्ण झाला. त्यानंतर त्यांना पुन्हा बँकॉकला जावे लागले आणि १९३६ मध्ये कायदा पाळण्याचे मान्य करूनच ते परतले. म्हणजे विजय कायद्याचा झाला. लोकांची श्रद्धा मात्र त्या भिक्खूकडेच राहिली.

आम्हाला हा इतिहास जवळचा वाटतो, कारण दीक्षेच्या अधिकाराचा प्रश्न आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि लगेच लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. ते भिक्खू नव्हते. गृहस्थांसाठी स्वतंत्र धम्मदीक्षा असावी, हा त्यांचा विचार ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आलेला आहे. उपसंपदा आणि धम्मदीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करूनही दोन्हींच्या मागचा प्रश्न एकच दिसतो : धम्माचे दार कोणाच्या सहीने उघडते?

परदेशात आपण विहारांची नोंदणी करतो, विश्वस्त नेमतो, भिक्खूंच्या व्हिसासाठी कागद जमवतो. ही कामे आवश्यकच आहेत. मात्र मुलांना त्रिसरण-पंचशील देण्याचा मान कोणत्या समितीचा, यावरून मंडळे दुभंगू लागतात, तेव्हा लाम्फूनची आठवण ठेवावी. नोंदणी संस्थेची होते. शीलाची नोंदणी कोणत्याही कार्यालयात होत नाही, आणि लोकांनी तो रस्ता बांधला तो शीलवान माणसाच्या शब्दावर.

बौद्ध देश म्हणून थायलंडबद्दल आदर बाळगताना तिथल्या राज्यसत्तेचे आणि संघाचे नातेही आपण अभ्यासावे, अशी आमची विनंती आहे. चिआंग माईला जाल तेव्हा लाम्फूनसाठी एक दिवस राखून ठेवावा.

भवतु सब्ब मंगलम्.