संबळ पोकळ का वाजतो?
मुलांनो, नव्या स्पीकरवर तुळजापूरचा संबळ लावला आणि ठेका पोकळ वाटला, तर दुकानदाराशी भांडण्याआधी वायरी बघा. प्लग काढून मगच हं! लालला लाल, काळ्याला काळं. एकाच स्पीकरची वायर उलटी झाली, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागं जातो अन् खर्जाचा आवाज मरतो.

खुणा पुसल्यात? स्पीकर सुटा करून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा पुढे आला, की सेलच्या अधिक बाजूचं टोक लाल.

घेताना वॅटच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका, ओहम वाचा. किमान ८ ओहम लिहिलेल्या अँप्लिफायरला ४ ओहमचा स्पीकर लावला, तर तो जवळपास दुप्पट करंट ओढतो. अँप्लिफायर तापतो, जळतोसुद्धा. आणि धाराशिवकरांनो, लाईट गेली की प्लग काढायचाच. परत येताना ती कधी कधी फार जोरात येते!